आवसथातील अन्न आणि शिधापत्रिकेचा रंग

विनयपिटकातील पाचित्तिय नियमांपैकी एकतिसावा नियम एका साध्या जेवणावरून घडला. श्रावस्तीच्या जवळ एका जनसमूहाने वाटसरूंसाठी आवसथ, म्हणजे धर्मशाळा चालविली होती आणि तेथे अन्न सिद्ध ठेवले जात असे. षड्वर्गीय म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भिक्खूंना एके दिवशी नगरात भिक्षा मिळाली नाही, म्हणून ते तेथे गेले. भदन्त पुष्कळ दिवसांनी आले याचा लोकांना आनंद झाला व त्यांनी आदराने जेवू घातले. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा गेले, तिसऱ्या दिवशीही गेले. मग त्यांच्या मनात आले की, उद्या परत येथेच यावयाचे असेल तर विहारात जाऊन तरी काय करावयाचे? ते तेथेच मुक्काम करून रोज जेवू लागले. त्यामुळे तेथे उतरणारे इतर पंथांचे परिव्राजक निघून गेले. तेव्हा लोकांनी तक्रार केली की, हे अन्न एवढ्यांपुरते ठेवलेले नाही, येणाऱ्या सर्वांसाठी ठेवलेले आहे. ही गोष्ट भगवंतांच्या कानी गेली आणि त्यांनी नियम केला की, भिक्खूने आवसथातील अन्न एकदाच घ्यावे, त्याहून अधिक घेतल्यास तो दोष होय.

या प्रसंगाचे वैशिष्ट्य असे की, त्यात कोणी चोरी केलेली नाही, कोणी खोटे बोललेले नाही आणि अन्न वाढणाऱ्यांनी ते राजीखुशीने वाढलेले आहे. तरीही दोष घडला, कारण ज्याच्यासाठी अन्न ठेवले होते तो तेथून निघून गेला.

हा नियम आज आठवण्यास कारण घडले ते असे. वर्षावासाच्या काळात जळगाव जिल्ह्यातील एका विहारात पंचशीलावर प्रवचन चालू होते. दुसऱ्या शीलाचे विवेचन झाल्यावर रेल्वेतून निवृत्त झालेले एक वयस्क उपासक उठून उभे राहिले आणि म्हणाले, “भन्ते, माझ्या घरी वडिलांच्या नावाची जुनी पिवळी शिधापत्रिका आहे. वडील शेतमजूर होते. आज मला निवृत्तिवेतन आहे, मुलगा नोकरीस आहे. दुकानदार धान्य देतो, मी ते आणतो. शासनाने दिलेले मी घेतो, न दिलेले घेत नाही. मग यात अदिन्नादान कोठे आले?” प्रश्न प्रामाणिक होता व त्यातील तर्कही वरवर पाहता बिनतोड होता. प्रवचन संपल्यानंतर महिलांच्या बैठकीतून आणखी एक गोष्ट कळली. तेथे येणाऱ्या एका विधवा शेतमजूर बाईंनी धान्यासाठी कधी अर्जच केला नव्हता. उपासिकांनी कारण विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, “आमच्या सासऱ्यांनी येसकरकीची भाकर सोडली. आता मी फुकटच्या धान्यासाठी ओळीत उभी राहू काय, ताई?”

एकाच विहारात, एकाच दिवशी, ज्याला नको तो घेत होता आणि जिला हवे ती नाकारीत होती. दोन्ही प्रश्नांचे उत्तर देण्यापूर्वी हे धान्य कोणत्या नियमाने येते हे पाहणे अवश्य आहे, कारण आपल्या समाजात याविषयी बरेच अज्ञान आहे.

महाराष्ट्रात १९९९ पासून शिधापत्रिका पिवळी, केशरी व पांढरी अशा तीन रंगांत देण्यात येऊ लागल्या. वार्षिक उत्पन्न पंधरा हजार रुपयांपर्यंत असलेल्यांना पिवळी, त्याहून अधिक परंतु एक लाखाच्या आत असलेल्यांना केशरी व त्यावरील कुटुंबांना पांढरी अशी ती विभागणी होती. डिसेंबर २००० मध्ये केंद्र शासनाने अंत्योदय अन्न योजना सुरू केली. भूमिहीन मजूर, अल्पभूधारक, कारागीर, निराधार विधवा, अपंग व दुर्धर रोगाने पीडित व्यक्ती यांची कुटुंबे तीत घ्यावयाची होती. पुढे राष्ट्रीय अन्न सुरक्षा अधिनियम २०१३ साली संमत झाला व महाराष्ट्रात १ फेब्रुवारी २०१४ पासून त्याची अंमलबजावणी सुरू झाली. या कायद्याने अंत्योदय कुटुंबास दरमहा ३५ किलो आणि प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीस दरमहा ५ किलो धान्य मिळण्याचा हक्क दिला. प्रारंभी तांदूळ तीन रुपये, गहू दोन रुपये व भरड धान्य एक रुपया किलो असा दर होता. करोनाच्या साथीत एप्रिल २०२० पासून अतिरिक्त धान्य मोफत देण्यात आले. ती योजना डिसेंबर २०२२ मध्ये संपली, आणि १ जानेवारी २०२३ पासून कायद्याखालचे नेहमीचे धान्यच विनामूल्य झाले. जानेवारी २०२४ पासून पुढील पाच वर्षे ते तसेच ठेवण्याचा निर्णय केंद्र शासनाने घेतला आहे.

येथपर्यंतची माहिती बहुतेकांना असते. परंतु तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत एक शब्द नित्य ऐकू येतो, त्याचा अर्थ फार थोड्यांना ठाऊक असतो. तो शब्द म्हणजे इष्टांक. कायद्याने प्रत्येक राज्यात किती लोकांना हे धान्य मिळेल याची कमाल संख्या ठरविली आहे. महाराष्ट्रासाठी ती ग्रामीण भागात लोकसंख्येच्या ७६.३२ टक्के व शहरी भागात ४५.३४ टक्के अशी, २०११ च्या जनगणनेच्या आधारे एकूण सुमारे ७ कोटी १६ हजार व्यक्ती एवढी आहे. हीच संख्या पुढे जिल्ह्यांत व तालुक्यांत वाटून दिली जाते. चोपडा, अमळनेर, साक्री, शिरपूर अशा प्रत्येक तालुक्याचा आपला इष्टांक असतो. तो भरला की यादीचे दार बंद होते. नवीन लग्न झालेले जोडपे, वेगळे निघालेले कुटुंब, धनी गेल्याने उघड्यावर पडलेली बाई यांना, त्या सर्व कसोट्यांस उतरत असल्या तरी, यादीतील कोणीतरी बाहेर पडेपर्यंत थांबावे लागते. लोकसंख्या वाढली तरी आधार मात्र २०११ च्या मोजणीचाच राहिला, त्यामुळे ही प्रतीक्षा अधिकच लांबली.

निवृत्त उपासकांच्या प्रश्नाचे उत्तर या इष्टांकात आहे. शासनाचे कोठार अथांग असते व मागेल त्यास त्यातून मिळत असते, तर एका घराने अनावश्यक धान्य नेल्याने फार तर तिजोरीचे नुकसान झाले असते. परंतु येथे पंगतीतील पाट मोजलेले आहेत. एका पाटावर जो बसला आहे त्याच्यामुळे दुसरा कोणीतरी, बहुधा त्याच गावातला वा त्याच तालुक्यातला, उभा आहे. श्रावस्तीच्या आवसथातून जे परिव्राजक निघून गेले त्यांच्यासारखाच तोही दृष्टीस पडत नाही, एवढेच. धान्य दिलेले आहे हे खरे. प्रश्न एवढाच की ते कोणाला दिलेले आहे. गरजूच्या नावे दिलेली वस्तू ज्याला गरज नाही त्याच्या बाबतीत न दिलेलीच ठरते. दाता कोण हे न पाहता दान कोणास उद्देशून आहे हे पाहिले म्हणजे दुसऱ्या शीलाचा अर्थ स्पष्ट होतो.

आचार्य बुद्धघोषांनी विसुद्धिमग्गाच्या शीलनिर्देशात उपभोगाचे चार प्रकार सांगितले आहेत. दुःशील असून संघात बसून दानाचा उपभोग घेणे हा चोरीचा उपभोग. शीलवान असूनही विचार न करता उपभोग घेणे हा ऋणाचा उपभोग. सात प्रकारच्या शैक्षांचा तो वारशाचा, आणि अर्हतांचा तो स्वामीचा उपभोग होय. ही विभागणी भिक्खूंसाठी आहे, ती गृहस्थांना जशीच्या तशी लावणे योग्य नव्हे. तथापि त्यांतील दुसरा प्रकार आपल्या प्रश्नास फार जवळचा आहे. वडिलांच्या वेळची शिधापत्रिका सवयीने चालू ठेवणाऱ्या मनुष्यास चोर म्हणणे अन्यायाचे होईल. त्याने विचार केलेला नाही, आणि विचार न करता घेतलेले अन्न त्याच्यावर ऋण होऊन बसले आहे. हे ऋण फेडण्याचा मार्गही सोपा आहे, तो पुढे येईलच.

येथे एक सावधगिरी घेतली पाहिजे, नाहीतर सारा विचार भलत्याच दिशेस जाईल. केशरी शिधापत्रिकाधारकांतून प्राधान्य कुटुंबे निवडताना वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात ४४ हजार व शहरी भागात ५९ हजार रुपये ठेवण्यात आली. या आकड्याचा अर्थ काय होतो? २०२४-२५ साली महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामाचा दर दिवसास २९७ रुपये होता. एका मजुराने वर्षातून दीडशे दिवस या दराने काम केले तर ४४ हजार ५५० रुपये होतात. म्हणजे घरात कमावणारा एकच मनुष्य असला व त्याला वर्षाच्या निम्म्याहूनही कमी दिवस काम मिळाले, तरी कागदावर ते कुटुंब मर्यादेबाहेर जाते! रावेर-यावलच्या केळीबागांत घड वाहणारा मजूर, ऊसतोडीस जाणारे चाळीसगाव-साक्रीकडील जोडपे, कापसाच्या वेचणीस जाणाऱ्या बाया, यांच्यापैकी कितीजण या आकड्याच्या आत राहतील? म्हणून आकडा थोडा ओलांडला एवढ्यावरून कोणा कष्टकऱ्यास अपात्र म्हणून बोट दाखविणे मला मान्य नाही. २०२१ च्या फेब्रुवारीपासून शासनाने अपात्र शिधापत्रिका शोधण्याची मोहीम काढली तेव्हाही गावोगावी भीती पसरली ती मुख्यतः अशाच लोकांत. ज्यांच्याकडे पगार, निवृत्तिवेतन, मोटार वा बागायत आहे ते कमी घाबरले. हा अनुभव नवा नाही.

तेव्हा गरज कशी ओळखावी? विनयाचा हाच नियम येथे पुन्हा साहाय्यास येतो. नियम झाल्यानंतर स्थविर सारिपुत्त कोसल देशात चारिका करीत असता एका आवसथात आले. लोकांनी त्यांना आग्रहाने भोजन दिले. भोजनानंतर त्यांना इतका तीव्र आजार झाला की तेथून हलणे अशक्य झाले. दुसऱ्या दिवशी लोकांनी पुन्हा अन्न पुढे केले, परंतु भगवंतांनी मनाई केली आहे या संकोचाने त्यांनी ते घेतले नाही व उपाशी राहिले. श्रावस्तीस परतल्यावर त्यांनी ही हकीकत भिक्खूंना सांगितली. भगवंतांनी ती ऐकून त्यांच्या निग्रहाची स्तुती करून विषय संपविला असे झाले नाही. त्यांनी नियमच दुरुस्त केला आणि आजारी भिक्खूस आवसथात पुन्हा अन्न घेण्याची अनुज्ञा दिली. आजारी कोण, याची व्याख्याही तेथे दिलेली आहे. ती वैद्याची नाही, व्यवहाराची आहे: जो त्या आवसथातून निघून पुढे जाऊ शकत नाही, तो आजारी. गरजेची याहून सुबोध कसोटी मला आढळलेली नाही. या धान्यावाचून ज्याच्या घराचे पाऊल पुढे पडत नाही, मुलांच्या ताटातले कमी करावे लागते, किंवा दुकानदाराकडे उधारी वाढते, त्याने ते घ्यावे. ज्याला पुढे जाता येते त्याने जावे.

आता त्या बाईंचा प्रश्न. त्यांचा संकोच तुच्छ लेखण्याजोगा नाही. त्याच्या मागे मोठा इतिहास आहे. १९२७ च्या मार्च महिन्यात महाड येथील परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावरांचे मांस व शिळ्या-उष्ट्या तुकड्यांवर जगणे सोडून देण्याचा उपदेश केला. महार वतनाविरुद्ध त्यांनी मुंबई कायदे मंडळात लढा दिला. कनिष्ठ ग्राम वतने रद्द करणारा कायदा पुढे १९५८ साली झाला. येसकराची भाकर सोडणे म्हणजे त्या काळी अनेक घरांत प्रत्यक्ष उपास काढणे होते, आणि खानदेशातही आपल्या वाडवडिलांनी ते उपास काढले आहेत. त्यांची सून फुकटच्या अन्नाला बिचकते यात आश्चर्य ते काय?

परंतु ती भाकर आणि हे धान्य यांत मूलभूत भेद आहे. ती भाकर देणाऱ्याच्या मर्जीवर होती, दारात उभे राहून मागावी लागे, आणि तिच्या बदल्यात रात्रंदिवसाची वेठ होती. ती न मिळाल्यास दाद मागण्यास जागा नव्हती. हे धान्य संविधानाच्या मार्गाने आले आहे. लोकांचे पोषणमान उंचावणे हे राज्याचे कर्तव्य आहे असे सत्तेचाळिसावा अनुच्छेद सांगतो. २००१ साली सर्वोच्च न्यायालयात अन्नाच्या हक्काचा खटला उभा राहिला, आणि २०१३ च्या कायद्याने त्या हक्कास निश्चित रूप दिले. धान्य न मिळाल्यास त्याऐवजी भत्ता मागता येतो, जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे व राज्य अन्न आयोगाकडे जाता येते. शिवाय शिधापत्रिकेसाठी कुटुंबप्रमुख म्हणून अठरा वर्षांवरील ज्येष्ठ स्त्रीचे नाव असावे अशी तरतूद या कायद्यात आहे. ज्या बाईला गावाने कधी दाराच्या आत घेतले नाही, तिचे नाव तेथे पहिल्या ओळीत लिहिले जाते. यात लाचारी कोठे आहे? कूटदन्त सुत्तात पुरोहित राजा महाविजितास सांगतो की, राज्यात चोऱ्या वाढल्या असता दंड व वध यांनी त्या थांबणार नाहीत. शेतकऱ्यास बी-बियाणे, व्यापाऱ्यास भांडवल व सेवकास वेतन दिले पाहिजे. राज्याने देणे ही कृपा नसून राज्यकर्त्याचे काम आहे, हा विचार धम्मात आधीपासून आहे.

भुकेल्याने संकोच धरू नये यासाठी धम्मपदाच्या अट्ठकथेतील आळवीची कथाही सांगण्यासारखी आहे. तेथील एक गरीब शेतकरी हरवलेला बैल शोधून दुपारी उशिरा, उपाशीपोटी सभेत आला. भगवंतांनी आधी संघाच्या जेवणातून उरलेले अन्न आहे काय याची चौकशी केली, त्याला जेवू घातले आणि त्यानंतरच धम्म सांगितला. भिक्खूंना याचे नवल वाटले. भूक हा सर्वांत मोठा रोग आहे असे त्यांना तेव्हा समजावून देण्यात आले. त्या शेतकऱ्यास मात्र तो खरोखर गरीब आहे काय असे कोणी विचारल्याचा उल्लेख कथेत नाही.

काही अन्न असे असते की तेथे पात्रतेचा प्रश्न उपस्थितच करू नये. शाळेतील खिचडी हे त्याचे उत्तम उदाहरण होय. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २००१ मध्ये शिजविलेले अन्न देण्याचा आदेश दिला. त्यात मुलांची गरीब-श्रीमंत अशी निवड नाही, आणि ती असू नये. शिक्षकाच्या मुलाने मजुराच्या मुलाशेजारी बसून तीच खिचडी खाल्ली तर कोणाचा घास जात नाही, उलट शतकानुशतके न झालेले सहभोजन रोज घडते. (२००४ साली न्यायालयाने स्वयंपाकासाठी दलित व आदिवासी स्त्री-पुरुषांना प्राधान्य देण्यास सांगितले, ते याच दृष्टीने महत्त्वाचे आहे.) धुळ्याजवळ लळिंगच्या लांडोर बंगल्यावर बाबासाहेब १९३७ साली उतरले होते. त्या स्मृतीसाठी ३१ जुलैला जमणारा समुदाय, किंवा ६ डिसेंबरला भुसावळ-जळगावहून गाड्या भरून चैत्यभूमीस जाणारा समुदाय, यांना जे भोजनदान होते तेही येणाऱ्या सर्वांसाठीच असते. तेथे कोणी निःसंकोच जेवावे. मात्र सोबत डबा असल्यास आपली पाळी मागे ठेवावी.

२६ जानेवारी २०२० रोजी राज्यात सुरू झालेली शिवभोजन थाळी या दोहोंच्या मधली होती. दहा रुपयांत पोळ्या, भाजी, वरण, भात. उत्पन्नाचा दाखला नाही, परंतु केंद्रागणिक थाळ्यांची संख्या ठरलेली. म्हणजे तपासनीस फक्त आपले मन. न्यायालयाच्या कामास आलेल्या सुस्थितीतील मनुष्याने तेथे जेवावे काय, असे मला एकाने विचारले होते. बाराच्या सुमारास थाळ्या संपतात व एक वाजता हमाल येतो हे पाहिल्यावर त्याला उत्तर सांगावे लागले नाही.

जुन्या पिढीला १९७२-७३ चा दुष्काळ आठवेल. खडी फोडण्याच्या कामावर मिळणारी सुकडी आणि परदेशातून आलेला तांबडा मिलो आपल्या आई-बापांनी खाल्ला. तेथे रंगीत पत्रिका लागत नव्हती, कारण उन्हात खडी फोडावयास गरज नसलेला मनुष्य येतच नाही. गरजू निवडण्याची ती रीत अचूक होती, परंतु क्रूरही होती. म्हातारे, आजारी व बाळंतिणी तीत मागे राहिल्या. कागदी यादी सदोष असली तरी ती त्यांना घरी बसून धान्य देते, हे विसरू नये.

खानदेशापुरती आणखी एक गोष्ट. आपल्याकडे मूळ अन्न ज्वारी-बाजरीचे, दादरच्या भाकरीचे व कळण्याचे. दुकानात तांदूळ अधिक आला की तो दारावर येणाऱ्या फेरीवाल्यास विकला जातो. असे विकणे कायद्याच्या विरुद्ध आहे. तेलामिठासाठी पाच किलो तांदूळ विकणाऱ्या मजूर बाईस दोष देण्यापूर्वी, ज्वारी खाणाऱ्या मुलखास ज्वारी का मिळत नाही हे विचारले पाहिजे. परंतु ज्या घरात दरमहाचे सारेच धान्य विकले जाते, त्या घराने आपली गरज आपल्याच हाताने नाकारली आहे. रोजगारासाठी सुरतेस गेलेल्यांनी, ऑगस्ट २०१९ पासून गुजरात व महाराष्ट्र यांच्यात सुरू झालेल्या सोयीमुळे, त्याच पत्रिकेवर तिकडे धान्य घेता येते हेही जाणून घ्यावे. मुदत टळली म्हणून ते सोडून देऊ नये.

ज्यांना या यादीतून बाहेर पडावयाचे आहे त्यांनी तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत तसा लेखी अर्ज द्यावा व पोच घ्यावी. पुष्कळांना भीती वाटते की पिवळी वा केशरी पत्रिका गेली तर रुग्णालयातील मदतही जाईल. ही भीती निराधार नव्हती. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना दीर्घकाळ याच दोन रंगांशी बांधलेली होती, आणि पत्रिका जपण्याचे खरे कारण अनेक घरांत धान्य नसून ऑपरेशन हे होते. २०२३ साली शासनाने ती योजना सर्वच कुटुंबांसाठी खुली करण्याचा निर्णय घेतल्यापासून ते कारण उरलेले नाही.

त्या विहारात पुढे असे झाले की, निवृत्त उपासकांनी अर्ज लिहिला आणि त्याच दिवशी उपासिकांनी त्या बाईंचाही अर्ज भरून घेतला. उत्पन्नाचा दाखला, आधार पत्र, पतीच्या मृत्यूचा दाखला यांसाठी तीन खेटे पडले, त्यांपैकी दोन वेळा ते उपासकच त्यांच्याबरोबर गेले. त्यांचे नाव कमी झाले आहे. बाईंचे नाव मात्र अद्याप यादीवर आलेले नाही. इष्टांकात जागा झाली की घेऊ, असे त्यांना सांगण्यात आले आहे. तोपर्यंत दर महिन्याच्या पौर्णिमेस विहारातून त्यांच्याकडे गहू व डाळ पोचविली जाते, आणि त्या ती घेतात.